बावीस जणांत नऊ जणांचं बीपी जास्त: तुमचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं रक्तदाबाबद्दलच आहेत. त्यातले चार प्रश्न निवडले आहेत, कारण तेच प्रश्न मला दवाखान्यातही रोज कुणी ना कुणी विचारतं.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटमध्ये रविवारी मोफत तपासणी शिबिर झालं. बावीस जणांनी बीपी मोजून घेतलं, त्यात नऊ जणांचं जास्त निघालं. शहरात खरंच इतकं प्रमाण आहे का, की मशीन बिघडलेलं होतं? (निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर)

सर, मशीन बिघडलेलं असेलच असं नाही. पण नऊच्या नऊ जणांना बीपीचा आजार आहे, असंही धरू नका.

आधी प्रमाणाचं सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांच्या पुढच्या लोकांचं बीपी मोजलं होतं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे असलेले आणि गोळ्या चालू असलेले, असे सगळे मिळून देशातल्या शहरांत पुरुषांमध्ये २६.६ टक्के आणि स्त्रियांमध्ये २३.६ टक्के निघाले. म्हणजे साधारण चौघांत एक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र हेच प्रमाण देशभरात ३५.५ टक्के आलं. या दोन आकड्यांनी लोक गोंधळतात. पहिल्या पाहणीत दहावी-बारावीची मुलंमुलीही होती, तर दुसऱ्या अभ्यासात वीस वर्षांच्या पुढचेच लोक होते. वय वाढेल तशी रक्तवाहिन्यांची लवचीकता कमी होते आणि बीपी चढतं. तुमच्या शिबिरात रविवारी सकाळी रांगेत कोण उभं होतं, ते आठवून बघा. बहुतेक जण साठीच्या आसपासचे असतील, तर बावीसमध्ये नऊ या आकड्याचं मला आश्चर्य वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेण्यासारखी आहे. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खेड्यांतलं प्रमाण पुरुषांत २२.७ आणि स्त्रियांत २०.२ टक्के होतं. शहर आणि खेडं यांतलं अंतर एवढंसंच उरलंय. बीपी म्हणजे शहरातल्या बैठ्या, सुखवस्तू माणसाचं दुखणं, ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

आता मोजण्याबद्दल. शिबिरात माणूस जिना उतरून येतो, चहा घेतो, रांगेत गप्पा मारतो आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या त्याच्या दंडाला पट्टा बांधला जातो. असं मोजलेलं बीपी दहा-पंधराने जास्त येऊ शकतं. नीट मोजायचं तर आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं नको. लघवी तुंबलेली नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला आणि उघड्या दंडावर हवा, सदऱ्याच्या बाहीवरून नको. मोजताना बोलायचं नाही. एक-दोन मिनिटांनी परत मोजायचं. त्या नऊ जणांनी दंडाला बांधायच्या मशीनवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असं मोजून लिहून ठेवावं. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांकडे जायचं. शिबिरात कुणाचा वरचा आकडा १८० च्या पुढे गेला असेल, तर त्यांनी आठवडा घालवू नये, आजच दाखवावं. बाकीच्या तेरा जणांनीही वर्षातून एकदा मोजत जावं.

प्रश्न : वय ३८. यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे, बारा तास उभा असतो. अंगावर चरबी नाही. तरी बीपी १५२/९८ निघालं, दोनदा मोजलं. मेहनत करणाऱ्याला बीपी कसं काय? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्यासारख्यांचं बीपी कुणी मोजतच नाही. सडपातळ आणि कष्टाळू माणूस म्हणजे निरोगी, असं आपण सगळेच धरून चालतो.

उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. बारा तास एका जागी मागांवर लक्ष ठेवण्यात पाय दुखतात, पण झपझप चालल्यावर हृदयाला जो फायदा होतो तो मिळत नाही. त्यात मागांचा खडखडाट. कान आवाजाला सरावतात, शरीर सरावत नाही. सततच्या मोठ्या आवाजात ताण वाढवणारी संप्रेरकं रक्तात येत राहतात आणि वर्षानुवर्षं अशा आवाजात काम करणाऱ्यांमध्ये बीपी जास्त आढळतं. कानात घालायचे बोळे औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात, ते कामावर वापरा. रात्रपाळीचंही तसंच आहे. रात्रीच्या झोपेत बीपी खाली उतरतं, ती विश्रांती रात्रपाळीवाल्याच्या रक्तवाहिन्यांना मिळत नाही. पाळी तुमच्या हातात नाही हे मी जाणतो. निदान पाळीनंतर अंधाऱ्या खोलीत सलग झोप मिळेल एवढं घरच्यांना सांगून ठेवा.

आता एक सरळ विचारतो. पाठ-खांदा दुखतो म्हणून मेडिकलमधून गोळी घेता का? सोलापूरच्या पूर्व भागातले माग कामगार आणि विडी कामगार माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न मी हमखास विचारतो आणि उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात, बीपी वाढवतात, वर मूत्रपिंडाला इजा करतात. बीपीच्या गोळीचा असरही त्या कमी करतात. रोज घेत असाल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. तंबाखू असेल तर तीही सांगा.

चाळिशीच्या आत एवढं बीपी असेल तर लघवीची तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), पोटॅशियम, साखर आणि ईसीजी करून घ्यायलाच हवा. तरुण वयात कधी कधी मूत्रपिंडाचा किंवा एखाद्या ग्रंथीचा आजार बीपीच्या मागे असतो. तो सापडला तर उपचारच बदलतात.

प्रश्न : बीपीसाठी साधं मीठ बंद करून सैंधव सुरू केलंय. चालेल ना? (गृहिणी, होटगी रोड)

नाही. ताई, सैंधवही सोडियम क्लोराईडच आहे, रंग तेवढा वेगळा. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, एवढंच मीठ जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय आणि त्यात भाजी, लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. आपली शेंगा चटणी सोडा असं मी म्हणणार नाही. शेंगदाणा चांगला, लसूण चांगला, घरी कुटताना मीठ निम्मं करा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं, तेव्हा विचारल्याशिवाय आणू नका.

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची, विड्या वळते. बीपीची गोळी पंधरा दिवस घेते, बरं वाटलं की सोडते. म्हणते, ‘डोकं दुखत नाय, मग कशाला? एकदा सवय लागली की सुटत नाय.’ त्यात उन्हाळ्यात तिला चक्कर यायलीय. काय करू? (विडी घरकुल)

बाळ, आईवर रागावू नकोस. तिचं म्हणणं तिच्या जागी साधंसरळ आहे: दुखलं तर औषध. पण बीपी दुखत नाही. १७० असलेली माणसं माझ्यासमोर हसत बसलेली असतात. जगभरातल्या बीपीच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नाही, ते याचमुळे. आतून मात्र नुकसान चालूच असतं. चाळीस ते सत्तर या वयात वरचा आकडा वीसने वाढला की अर्धांगवायूने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तिला बरं वाटतं ते गोळी काम करतेय म्हणून. सोडली की काही दिवसांत आकडा पुन्हा वर जातो. ही सवय लागणं नव्हे, आजार तिथंच आहे.

गोळी सोडायला आणखी काही कारण आहे का, तेही तिला हळूच विचार. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, एनालाप्रिल-रामिप्रिलने कोरडा खोकला येतो. बायका हे डॉक्टरला सांगत नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात. गोळी बदलून मिळते. पैशांचा प्रश्न असेल तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. विड्यांचं सूप मांडीवर घ्यायच्या आधी गोळी, अशी सांगड घालून दे. हात धुऊन, तंबाखूला हात लावायच्या आधी. मिश्री लावत असेल तर तीही सुटायला हवी.

चक्करेचं वेगळं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने पाणी जातं आणि तेवढीच गोळी उन्हाळ्यात जास्त पडू शकते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर आणखीच. म्हणून चक्कर येते तेव्हा बसवून मोज, मग उभं केल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोज. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने उतरत असेल किंवा शंभरच्या खाली जात असेल, तर तो कागद घेऊन दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा. डोस ते कमी करतील. स्वतः बंद करू नका. उलट्या-जुलाब लागले तर मात्र त्याच दिवशी विचारायचं. पाणी आणि मीठ न घातलेलं पातळ ताक तिच्या हाताशी ठेव. मिठाचं सरबत रोज नको. थंडी सुरू झाली की आकडे परत चढतात, तेव्हा गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, डोस पुन्हा तपासून घे.