नूडल्स की शिजवलेली भाजी?

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा भाजीऐवजी रोज नूडल्स मागतो. दोन्हींच्या पोषणात कितपत फरक आहे? – एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : फरक मोठा आहे. झटपट नूडल्स बहुधा मैद्याच्या, तेलात तळून वाळवलेल्या असतात. त्यांतून ऊर्जा मिळते, परंतु तंतुमय भाग अल्प आणि पुडीतल्या मसाल्यात मीठ भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढानेही दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मेथी-पालकाच्या भाजीतून तंतू, फोलेट (एक ब जीवनसत्त्व) व पोटॅशियम मिळते. शिजवताना क जीवनसत्त्व घटते हे खरे, म्हणून ती थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी. गाजरातील कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) मात्र शिजवल्यावर अधिक शोषले जाते. रोज नूडल्स देणे मला योग्य वाटत नाही. कधीतरी द्याव्यात, तेही निम्माच मसाला घालून आणि वाटीभर गाजर-मटार मिसळून.