निळा सोडून कोणताही

विचारलंय असं: "नाथसागरात चालवायला चौदा फुटी, फायबरची, शिडाची होडी घेतलीय. तळाला कोणता रंग द्यावा? मला गडद निळा आवडतो. अँटिफाउलिंग लागेल का?"

निळा देऊ नका. बाकीचं सावकाश सांगतो.

मी पैठणचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या या नाथसागराच्या काठचा. बावीस वर्षं मुंबईत गोदीत जहाजांचे तळ खरवडले आणि रंगवले. गावी परतल्यावर मरीन प्लाय आणि इपॉक्सी राळ आणून बारा फुटी होडी बांधली. सगळं माझ्या मनाप्रमाणं झालं, तळाचा रंग सोडून. आमच्या दाजींचं रंगाचं दुकान. त्यांच्याकडं कुठल्याशा शाळेच्या कामातले गडद निळ्या ऑइलपेंटचे डबे पडून होते. मी म्हणालो, दाजी, तळ ठळक पाहिजे, पिवळा नाही तर नारिंगी. ते म्हणाले, "आरं, पाण्याखाली कोण बघायलंय? फुकटात मिळायलंय तर घे की." बहिणीचा नवरा, वयानं मोठा. घेतला.

त्यानंतरच्या जूनमध्ये मी आणि भाचा, म्हणजे दाजींचाच पोरगा, दुपारी होडी घेऊन निघालो. तळाशी गेलेलं पाणी, वारा पडलेला. जूनमधला पडलेला वारा किती खोटा असतो हे मला कळायला हवं होतं. पश्चिमेकडून धुळीची भिंत आली, शीड सोडायच्या आत झटका बसला आणि होडी नुसती आडवी न होता पूर्ण पालथी झाली. पाणी उथळ, त्यामुळं डोलकाठीचं टोक गाळात रुतलं. सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली सोडतात त्या पात्यावर, उभं राहून दोघांनी जोर लावला, होडी हलेना. मग तळाला धरून लोंबकळत बसलो.

दाजी काठावर होते. आमच्याकडंच तोंड करून. अंतर फार तर एक किलोमीटर. वर मातकट आभाळ, खाली मातकट लाटा आणि त्यात गडद निळा तळ. अर्धा-पाऊण तास त्या माणसाला स्वतःचा मुलगा दिसला नाही. नंतर त्यांनीच सांगितलं, "मला वाटलं जलपर्णीचा गठ्ठा वाहायलाय." शेवटी भाच्यानं बसायच्या फळीखाली तरंगायला म्हणून बांधलेला गोडेतेलाचा रिकामा पिवळा कॅन सोडवला आणि डोक्यावर धरला. जाळी काढायला निघालेल्या दोघांना तो कॅन दिसला आणि ते आले.

काठावर पोचल्यावर ताई रडतेय, भाचा थरथरतोय, आणि मी एवढंच म्हणालो, दाजी, पाण्याखाली कोण बघतंय ते कळलं का? तर म्हणाले, "कॅन कुणाच्या घरचा व्हता?"

तर तळाचा रंग होडी सरळ असताना कुणीच बघत नाही. ती पालथी झाली की दिसतो तेवढा तळच. निळा, हिरवा, करडा, काळा सगळे त्या वेळी पाण्यात विरघळतात. पांढरा बरा वाटतो, पण वारा सुटला की लाटांच्या फेसात हरवतो, आणि हिवाळ्यात दुरून बगळ्यांत जमा होतो.

गडद रंगाचा दुसरा त्रास आपल्या उन्हाचा. मे महिन्यात होडी अंगणात पालथी पडून असते. बेचाळीस अंशांत गडद तळाला हात लावून बघा, चटका बसतो. घरी वापरतो ते इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. माझ्या तळाला भाजलेल्या पापडासारखे फोड आले. दाजी म्हणतात प्लाय ओला होता. प्लाय ओला नव्हता.

आता अँटिफाउलिंगचं, म्हणजे तळाला जीव चिकटू नयेत म्हणून द्यायच्या विषारी रंगाचं. जहाजांचे तळ लाल का असतात? आवड म्हणून नव्हे. त्या रंगात तांब्याचा ऑक्साइड असतो, तो मुळातच लाल, आणि त्याच्या विषानं बार्नेकल (समुद्रातले चिकटून बसणारे कवचवाले जीव), शिंपले चिकटत नाहीत. आमच्या वेळी कथिलाचं संयुग घातलेले रंगही चालायचे. त्यानं समुद्रातल्या गोगलगायी-कालवांची वाट लागली, म्हणून 2001 साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2008 पासून तो लागू झाला. पण नाथसागर गोड्या पाण्याचा, इथं बार्नेकल येतीलच कुठून? येतं ते शेवाळ आणि बुळबुळीत थर. होडी दर वेळी बाहेर काढत असाल तर काथ्यानं घासा, झालं. पक्षी अभयारण्याच्या पाण्यात तांबं कशाला सोडायचं? आणि तेच पाणी संभाजीनगर-जालन्याच्या नळाला जातं.

ऑइलपेंट मात्र तळाला नकोच, सतत पाण्यात राहिला की सुटतो. इपॉक्सी प्रायमरवर दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग द्या. गोदीतली एक युक्ती सांगतो: खालचा हात एका रंगाचा, वरचा दुसऱ्या. मी खाली नारिंगी आणि वर पिवळा दिलाय. काठाच्या मुरमावर घासून नारिंगी डोकावायला लागला की समजायचं, रंगाची वेळ झाली. पिवळ्याचा आणखी एक फायदा. आमच्याकडं नारिंगी दिसला की लोक पक्ष विचारतात, हिरवा दिसला तरी विचारतात, निळा दिसला तरी. पिवळा दिसला की खंडोबाचा भंडारा म्हणून सोडून देतात.

एक-दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं गोड्या पाण्याचं आणि रोज बाहेर निघणाऱ्या होडीचं. उद्या होडी अलिबागला नेऊन महिनोन्‌महिने पाण्यात ठेवणार असाल, तर माझं ऐकू नका, अँटिफाउलिंग लागेलच, आणि मग जो रंग मिळेल तो घ्यावा लागेल. कुणाची होडी ॲल्युमिनियमची असेल तर खाऱ्या पाण्यात तांब्याचा रंग अजिबात नको, धातू खाऊन टाकतो. आणि रंग कोणताही द्या, लाइफ जॅकेट घाला. आम्ही त्या दिवशी घातली नव्हती. दाजी हा मुद्दा दर दिवाळीला काढतात आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत.

एका लिटरमध्ये किती जागा रंगते ते डब्यावर लिहिलेलं असतं. पैठणला रंग घ्यायला आलात तर जपून. त्या निळ्याचे दोन डबे दुकानात अजून शिल्लक आहेत आणि होडीचं नाव काढलंत की दाजी तेच पुढं करतील.