वाचकांचे प्रश्न : लढाऊ विमानांचं जुनं पिनबॉल मशीन

प्रश्न : जुन्या सामानात एक अमेरिकन पिनबॉल मशीन मिळालं. मागच्या काचेवर लढाऊ विमानं आहेत, स्कोअर फिरत्या चाकांवर दिसतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टवर चालू केलं. दिवे लागतात, पण स्टार्ट दाबलं की मोटर घरघरत राहते, बॉल येत नाही. मशीन महायुद्धाच्या काळातलं असेल का? आणि एक कॉइल जळलेली आहे, ती मिळेल कुठे? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मोटर तशी फिरत ठेवू नका, रीसेटच्या (चाकं शून्यावर आणणाऱ्या) कॉइलही जळतील. प्लग काढूनच आत हात घाला.

मोटर थांबत नाही, कारण सगळी चाकं शून्यावर आल्याचं मशीनला कळलेलं नाही. प्रत्येक चाकामागे शून्याचा पॉइंट, म्हणजे दोन पट्ट्यांचा स्विच असतो. चाक ० वर आलं की तो सुटायला हवा. एकाचा जरी चिकटून राहिला तरी रीसेट पुरा होत नाही, मग बॉलही सुटत नाही. कॉइलचा दांडा बोटाने दाबून एकेक चाक घराघराने फिरवा. जे अडखळेल, किंवा ० वर येऊनही ज्याच्या पट्ट्या टेकलेल्या दिसतील, तिथेच बिघाड आहे. बहुतेकदा जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. दांड्याला तेल मात्र थेंबभरही नको. तो कोरडाच चालतो, तेलावर धूळ बसली की अडकतो. पॉइंट सॅंडपेपरने घासू नका, कॉन्टॅक्ट फाइल (पॉइंटसाठीची बारीक कानस) हलकी फिरवा. उघड्या पॉइंटमध्ये साधारण दीड मिलिमीटर फट ठेवा. सगळा हिशोब असा डोळ्यांसमोर चालतो, ही या मशीनची खरी श्रीमंती!

मोटर थोडी संथ वाटेल. ती ६० हर्ट्झसाठी बनलेली आहे, आपल्याकडे ५०. तो बिघाड नव्हे.

महायुद्धातलं नाही. तेव्हा अमेरिकेत नवी मशीन बनणं थांबलं होतं. जुन्यांनाच युद्धाची चित्रं लावून ती पुन्हा बाजारात येत. त्यांत स्कोअर काचेमागच्या दिव्यांनी दिसे आणि फ्लिपर (बॉल टोलवणारे दांडे) नसत, ते १९४७ मध्ये आले. स्कोअरची चाकं त्याहून पुढची.

कॉइल शोधत बसू नका. शेतीपंपांच्या मोटरी भरणारा कुठलाही वाइंडिंगवाला ती भरून देईल. लेबलवर २५-५०० असेल तर २५ गेजची तार, ५०० वेढे. पण हे गेज अमेरिकन, जाडी ०.४५५ मिलिमीटर. आपल्याकडे चालणाऱ्या एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजमध्ये ती तार २६ नंबरची. दुकानात नुसतं ‘२५’ म्हणालात तर जाड तार मिळेल, बॉबिनवर वेढे मावणार नाहीत आणि करंटही जास्त ओढला जाईल. म्हणून जाडी मिलिमीटरमध्येच सांगा.