टाकी फोडण्याआधी झाकण उघडा

या वेळचे बहुतेक प्रश्न सेप्टिक टाकीचेच आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न (पाचगाव): घर अठरा वर्षांचं आहे. पूर्वी दोन-तीन वर्षांतून एकदा टाकी उपसायचो. गेल्या पावसाळ्यापासून महिन्या-दीड महिन्याला मैलागाडी बोलवावी लागते. उपसली तरी आठवड्यात पुन्हा भरते. ठेकेदार म्हणतो, टाकी गेली, पाडून मोठी बांधू. बांधावी का?

उत्तर: थांबा जरा. आठवड्यात भरते यात बिघाड काहीच नाही. सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. गाळ तळाशी बसतो, साय वर तरंगते आणि घरातून जेवढं पाणी आत येतं तेवढंच मधल्या थरातलं पाणी पलीकडच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. खरा प्रश्न, तिथून पुढे जमीन ते पाणी पिते का, हा आहे.

पुढच्या वेळी गाडी आली की बाहेर जाणाऱ्या पाइपाकडचं झाकण उघडायला लावा. पंप सुरू करण्याआधी पातळी बघा. पाणी पाइपाच्या तळाशी टेकलेलं असेल तर सगळं ठीक. पातळी त्याच्याही खाली असेल तर टाकी गळतेय. तेव्हा ठेकेदाराचं ऐका. पण पाइप बुडवून पाणी वर चढलं असेल, तर पुढे कुठेतरी तुंबलंय. आता पंप चालू असताना त्या पाइपाच्या तोंडावरून नजर हलवू नका. तिथून काळपट पाणी उलटं टाकीत येऊ लागलं, तर शोषखड्डा काठोकाठ भरलाय. काहीच आलं नाही, तर बहुधा टी-पाइपात (बाहेर जाणाऱ्या तोंडाला टाकीच्या आत लावलेला टी आकाराचा पाइप) साय अडकलीय. बांबूनं मोकळी केली की काम झालं.

तुमचं वर्णन वाचून मला शोषखड्ड्याचाच संशय येतो. वेळेवर उपसा झाला नाही की गाळ पाण्याबरोबर खड्ड्यात उतरतो आणि भिंतींना काळा चिकट थर धरतो. त्यात पावसाळ्यात आजूबाजूची जमीनही भिजलेली. अशा वेळी दुप्पट मोठी टाकी बांधून काय होणार? तीही भरणार, पाणी तिथंच अडणार. जागा असेल तर दुसरा शोषखड्डा काढा, मध्ये पाणी हव्या त्या खड्ड्याकडे वळवायला चेंबर ठेवा आणि जुन्या खड्ड्याला काही महिने विश्रांती द्या. कोरडा पडला की तो थर बराच मोकळा होतो. छपराच्या पन्हळीचं पाणी मात्र टाकी आणि खड्डे दोन्हींपासून लांब काढा. ते टाकीत सोडलेली घरं बरीच दिसतात.

उपसा कधी करायचा हे कॅलेंडर बघून ठरवू नका. लांब काठीच्या टोकाला जुनं पांढरं फडकं गच्च गुंडाळा, तळापर्यंत सोडा, थोडं थांबून सावकाश वर घ्या. फडक्यावर काळा गाळ जेवढा चढलाय तेवढी गाळाची जाडी. ती पाण्याच्या एकूण खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याला आली की गाडी बोलवा. झाकण उघडल्यावर वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा, आत वाकू नका, आणि बिडी-काडीपेटी लांब.

प्रश्न (उचगाव): नवीन बांधकाम आहे, घरात आठ माणसं. गवंडी म्हणतो पाच बाय पाचची टाकी पुष्कळ. जमीन काळी आहे.

उत्तर: चौकोनी टाकीत पाणी आलं तसं सरळ निघून जातं, गाळ बसायला सवड मिळत नाही. सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्ये लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट सांगितली आहे. दहा माणसांसाठी, दोन वर्षांतून एकदा उपसा धरला, तर २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.४ मीटर, वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. हे अडीच हजार लिटर होतात. दोन हजारांच्या वर गेलं की मध्ये आडभिंत हवी, पहिला कप्पा दोन तृतीयांश ठेवून. तळाला काँक्रीट, आतून पाणी न झिरपणारा गिलावा. ‘तळ मोकळा ठेवू, पाणी जिरेल’ असं कुणी म्हटलं तर ती सेप्टिक टाकी राहत नाही, तो मैल्याचा खड्डा होतो आणि मैला शेजारच्या विहिरीत उतरतो. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा.

काळ्या मातीत शोषखड्डा फार काळ चालत नाही. ओली झाली की ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. खाली मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत जा, पण पावसाळ्यातली भूजल पातळी शेजारच्या विहिरीत बघूनच. नाहीतर उथळ चर काढून खडी भरा आणि वर कर्दळ लावा.

प्रश्न (आंबेवाडी): २०१९ आणि २०२१ च्या पुरात टाकीत पाणी शिरलं. पुराच्या आधी टाकी रिकामी करून ठेवावी का?

उत्तर: अजिबात नको. जमिनीत पाणी भरलं की रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. अडीच हजार लिटरच्या टाकीला अडीच टनांच्या आसपास उचल बसते. प्लास्टिकची तयार टाकी तर पाइप तोडून सरळ बाहेर येते. भरलेली राहू द्या, झाकणं सिमेंटनं बंद करा, संडासाचं तोंड वाळूच्या पोत्यानं दाबा. पूर ओसरल्यावरही लगेच उपसू नका. विहिरीची पातळी खाली गेली की मग उपसा. तळाशी पुराची रेतीमिश्रित माती बसलेली असते, तीही काढून घ्या. तोवर त्या संडासात पाणी ओतू नका.

प्रश्न (कळंबा): जिवाणूंची पावडर, गूळ, शेण टाकल्यानं टाकी उपसावी लागत नाही म्हणतात.

उत्तर: तिथं लागणारे जिवाणू माणसाच्या पोटातूनच रोज येतात. गूळ चहात टाका. ॲसिड आणि फिनाइलचे डबे मात्र ओतू नका. सॅनिटरी पॅड, डायपर, खरकट्याचं तेल तर नकोच.

प्रश्न (शिवाजी पेठ): दोन माणसं म्हणतात, गाडीपेक्षा स्वस्तात आत उतरून साफ करतो. गाडी आमच्या बोळात येत नाही.

उत्तर: उतरू देऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासच येईनासा होतो आणि माणूस कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथंच राहतो. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं अशी सफाई करून घेणं गुन्हा आहे आणि शिक्षा करवून घेणाऱ्याला आहे. बोळाच्या तोंडाशी गाडी लावून लांब नळी जोडता येते. महापालिकेत किंवा गाडीवाल्याला नळीची लांबी आधी विचारा.

प्रश्न (फुलेवाडी): गल्लीत ड्रेनेज लाइन आली. टाकी तशीच ठेवून तिच्यातूनच लाइन जोडली तर?

उत्तर: थेट जोडा, टाकी वगळा. मधे ठेवली तर उपसायची कटकट कायमची. आधी गाडीनं पूर्ण उपसून घ्या, तळाला बाहेरूनच पहारीनं भोकं पाडा, म्हणजे पावसाळ्यात आत पाणी साठणार नाही. वरचा स्लॅब तोडून आत मुरूम भरत पाणी मारून दाबा. स्लॅब तसाच ठेवून वर गाडी लावणारे आहेत. आतल्या वायूनं त्याची सळई गंजलेली असते, आणि खाली पोकळ.