बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइड : इलेक्ट्रोडचा आकडा कसा येतो?

प्रश्न : बोअरवेलच्या पाण्यात रंगाच्या किटवर फ्लोराइड १.४, तर प्रयोगशाळेच्या इलेक्ट्रोडवर २.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर आले. खरे कोणते मानावे? (यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी)

उत्तर : प्रयोगशाळेने बफर (सामू स्थिर राखणारे द्रावण) व प्रमाणित द्रावणे (फ्लोराइडचे प्रमाण आधीच माहीत असलेली) वापरली असतील, तर इलेक्ट्रोडचा आकडा ग्राह्य धरावा. किटमध्ये रंग किती फिका पडला हे डोळ्यांनी ठरवावे लागते आणि गढूळपणा, सल्फेट किंवा क्षारतेमुळे त्यात फरक पडतो.

इलेक्ट्रोडच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा, किंचित युरोपियम मिसळलेला, स्फटिक असतो आणि त्यातील रिकाम्या जागांमधून जवळपास फक्त फ्लोराइड आयनच सरकू शकत असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंच्या द्रावणांतील फरकानुसार विद्युत विभव (व्होल्टेज) निर्माण होतो. फ्लोराइड दहापट वाढले की २५ अंश सेल्सिअसला हा विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने घटतो. म्हणजेच एका मिलिव्होल्टची चूकही उत्तरात सुमारे चार टक्के फरक पाडते. म्हणून प्रमाणित द्रावणे व नमुना एकाच तापमानाला, सारख्याच वेगाने ढवळून मोजावे लागतात.

खरी मेख बफरमध्ये आहे. इलेक्ट्रोडला फक्त मोकळा फ्लोराइड आयन कळतो. पाणी आम्ल असेल तर फ्लोराइडचा काही भाग हायड्रोजनशी बांधला जातो, फार अल्कधर्मी असेल तर हायड्रॉक्साइड आयन आकडा फुगवतो आणि ॲल्युमिनियम वा लोह असेल तर फ्लोराइड त्यांच्यात अडकून आकडा कमी येतो. सामू ५ ते ५.५ राखणारे व या धातूंना बांधून ठेवणारे बफर नमुन्यात समप्रमाणात मिसळल्यावरच मोजणी विश्वासार्ह ठरते. तुरटीत ॲल्युमिनियम असते; तुरटी फिरवलेल्या पाण्याचा नमुना देऊ नये, तो याच कारणासाठी. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, आम्ल न घालता द्यावा. काच फ्लोराइडसाठी योग्य नाही.

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्यासाठी १.० ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ ही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे २.१ चे पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. जनावरांसाठीची शिफारस २ मिलिग्रॅमची असल्याने त्यांनाही शक्यतो दुसरे पाणी द्यावे. सिंचनासाठी १ मिलिग्रॅमची दीर्घकालीन मर्यादा सुचवली जाते, तथापि तटस्थ व अल्कधर्मी जमिनीत फ्लोराइड बरेचसे निष्क्रिय होत असल्याने काळ्या जमिनीतील कापूस-तुरीला एवढ्या पाण्याने तातडीचा धोका संभवत नाही.