ब्रिटिश तिकीट-बुकलेटमधला (टपाल तिकिटांच्या छोट्या पुस्तिकेतला) उलटा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली खूण, ही छपाईची चूक समजून जास्त पैसे मोजावेत का?

चूक म्हणून तर अजिबात नाही. बुकलेटचे ताव छापण्याची पद्धतच अशी होती की निम्म्या पानांवर वॉटरमार्क उलटा यायचा. राजा एडवर्ड सातव्याच्या काळापासून हे चालत होतं. 'एरर' म्हणून ते विकणारा तुम्हाला फसवतोय.

खरी चूक कशी असते ते सांगतो. माझा मामा साठच्या दशकात लंडनला गेला. पोस्टातून घेतलेली बुकलेटं तो न वापरता ठेवून द्यायचा. त्यातल्या एका शिवलेल्या बुकलेटात तरुण राणी एलिझाबेथच्या तीन पेनी तिकिटांचं एक पान आहे. कापणीच्या वेळी त्याचा कोपरा आत दुमडलेला राहिला आणि पातं त्याला लागलंच नाही. दुमड उघडली की कागदाचा त्रिकोण कव्हरच्या बाहेर येतो. बाकीची पानं मात्र सरळ कापलेली.

मामा गेल्यावर माझा मामेभाऊ म्हणाला, दोरा काढू, ते पान अल्बममध्ये लावू, बंद बुकलेटात कोणाला दिसणार? एका जुन्या संग्राहकानेही त्याचीच री ओढली. मी बुकलेट हातात धरून बसलो, दिलं नाही. अहो, आजूबाजूची सरळ पानं, तोच दोरा, तीच शिलाईची भोकं, हाच तर ती चूक कारखान्यातली असल्याचा पुरावा! सुटं केलं की उरतो एक वेडावाकडा तुकडा. घरी कात्रीने कापलाय असं कोणीही म्हणेल. मामेभाऊ अजून हट्ट सोडत नाही. त्याने हे वाचावं.

म्हणून अखंड बुकलेटच घ्या. सुटी 'एरर' पानं, विशेषतः फॉस्फरचा पट्टा (टपाल छाननीच्या यंत्रांसाठी तिकिटावर छापलेला चमकणारा पट्टा) गायब असलेली, प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. पट्टा मुद्दाम पुसता येतो, आणि तो आहे की नाही हे पाहायला शॉर्टवेव्ह यूव्ही दिवा लागतो. दिव्याकडे थेट बघू नका.

एक राहिलंच: काही बुकलेटांत उलट्या वॉटरमार्कचं पान सुलट्यापेक्षा खरंच दुर्मीळ असतं, तेव्हा स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या ब्रिटिश कंपनीच्या स्पेशलाइज्ड कॅटलॉगमध्ये तुमच्या पानाच्या दोन्ही किमती बघा. फरक मोठा असेल तर खुशाल घ्या, पण दुर्मीळ म्हणून. आणि बुकलेट पिनांचं असेल तर मुंबई-कोकणच्या हवेत पिना गंजतात, ते कोरड्या जागी ठेवा. गंज लागला तरी पिना उपसू नका.