ट्रेलर मावला, आता खुर्च्या कुठे मांडायच्या?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो. या वर्षी पहिलाच ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला. मॉडेलच्या नावात २४ आहे, डाव्या अंगाला एक स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आहे. दोन्ही वेळा '३५ फूट' असं वाचून कॅम्पग्राउंडवर साइट (ट्रेलर लावायची जागा) बुक केली. एकदा झाडामुळे ऑनिंग (बाजूचं कापडी छत) उघडताच आलं नाही, दुसऱ्यांदा पिकअप लांबच्या पार्किंगमध्ये नेऊन लावावा लागला. साइटची लांबी बघायची नाही, तर मग बघायचं तरी काय?

उत्तर: लांबी बघायचीच, पण आधी स्वतःची. मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे ट्रेलरची लांबी, असं धरून चालू नका. टेप घेऊन हिचच्या कपलरपासून (पिकअपला अडकणाऱ्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत मोजा, सायकलींचा रॅक असेल तर तोही धरा. २४ म्हणवणारा ट्रेलर २८ फूट भरला तर नवल नाही. क्रू कॅब (चार दारांचा) पिकअप १९-२० फूट धरला, की जोडगोळी ४८ फुटांच्या आसपास जाते. तुमचा पिकअप बाहेर राहिला तो इथेच.

कॅम्पग्राउंडची 'कमाल लांबी'ही नीट वाचा. कुठे ती एकट्या ट्रेलरची असते, कुठे गाडीसकट. योसेमिटी नॅशनल पार्कच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये मोटरहोमला (स्वतःचं इंजिन असलेल्या घरगाडीला) ३५ फूट चालतात, ट्रेलरला मात्र २४. पहिला आकडा वाचून पुढे जाणारा तिथे फसतो.

आता रुंदी, म्हणजे खरा ऐसपैसपणा. ट्रेलर ८ फूट, स्लाइड सुमारे ३, ऑनिंग ८: झाले १९. डावीकडे वीज-पाण्याच्या जोडण्या करायला माणूस उभा राहील एवढी ३ फूट जागा हवी, उजवीकडे टेबल आणि शेकोटीचं कडं. ३० फुटांच्या आत हे सगळं बसतं, पण शेजाऱ्याचं बोलणं तुमच्या चहात पडतं.

बुकिंगच्या पानावर रुंदी क्वचितच भरवशाची असते. त्यापेक्षा गूगल मॅप्सचं उपग्रह चित्र उघडा, राइट क्लिक करून अंतर मोजायचं साधन घ्या आणि एका ड्राइव्हवेच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत मोजा. ३० फुटांच्या आत दाटी, ४० ते ५० ठीक, ६० च्या वर निवांत. झाडीने सगळं झाकलं असेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी चित्रं मागे सरकवत हिवाळ्यातलं, पानं गळलेलं चित्र शोधा. साइटच्या फोटोंवर फार विसंबू नका. वाइड लेन्सने कोनाडाही अंगण दिसतो. फोटोत टेबल असेल तर ते साधारण ६ ते ८ फुटांचं धरून बाकीचा अंदाज बांधा.

प्रश्न: पुल-थ्रू साइट (एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने सरळ बाहेर पडायची) घेतली की जागेचा प्रश्न सुटतो ना?

उत्तर: रिव्हर्सचा सुटतो, जागेचा नाही. खासगी आरव्ही पार्कांत (घरगाड्यांच्या तळांवर) पुल-थ्रू बहुधा लांबट पट्ट्या असतात आणि त्या एकमेकींना चिकटून आखलेल्या असतात. लांबी भरपूर, रुंदी बेताची. दुसरं म्हणजे, ट्रेलरचं दार उजवीकडे असतं. रस्त्याला समांतर पुल-थ्रू जर एकेरी रस्त्याच्या डाव्या हाताला असेल, तर तुमचं दार, ऑनिंग आणि खुर्च्या थेट रस्त्याकडे तोंड करून राहतात.

प्रश्न: मोकळ्या साइट्स नेमक्या कुठे मिळतात? नॅशनल पार्कमध्येच शोधायचं का?

उत्तर: नवख्याने सुरुवात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या (अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या) तलावांपासून करावी. धरणांभोवतीची जमीन त्यांच्याकडेच असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी साइट्स सुट्या आणि पाण्याकाठी आहेत, शिवाय वीज-पाणीही मिळतं. जॉर्जियातले लेक लॅनियर आणि ॲलटूना ही त्यातलीच. त्याखालोखाल स्टेट पार्क. नॅशनल फॉरेस्टमध्ये एकांत मिळतो, पण हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) सहसा नसतो. तिथली काही कॅम्पग्राउंड्स १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरने (महामंदीतल्या सरकारी रोजगार योजनेने) बांधली, म्हणजे तंबू आणि त्या काळच्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून. साइटला जागा असते, पण वळणावर ट्रेलरचं शेपूट झाडाला लागतं.

घरात ६२ पूर्ण झालेलं कोणी अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक बरोबर येणार असेल, तर त्यांच्या नावाने सीनियर पास (ज्येष्ठांसाठीचा सरकारी पार्क-पास) काढा. वर्षाचा २० डॉलर, आजन्म ८० डॉलर. कोअरच्या तलावांवर साइटचं भाडं निम्मं होतं. मात्र पासधारक स्वतः मुक्कामाला हवेत.

प्रश्न: ड्राइव्हवे पुरेसा लांब होता, तरी ट्रेलर आत घालता आला नाही. चूक कुठे झाली?

उत्तर: बहुधा समोरच्या बाजूला. मागे घेताना पिकअपचं नाक रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत फिरतं. रस्ता १०-१२ फुटांचा आणि पलीकडे दगड, खांब किंवा खड्डा असेल, तर ६० फुटांचा ड्राइव्हवेही कामाचा नाही. उपग्रह चित्रात आपल्या साइटसमोरची बाजूही बघायची ती यासाठी.

लूपची, म्हणजे साइट्समधून गोल फिरणाऱ्या रस्त्याची, दिशाही बघा. एकेरी रस्ता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर बाहेरच्या साइट्स ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या, हाताला येतात. मागे घेताना ट्रेलरचं शेपूट खिडकीतून दिसतं. उलट दिशेच्या लूपवर बाहेरची साइट घेतलीत तर ती आंधळ्या बाजूला, सगळा भरवसा आरशावर आणि मागे उभ्या माणसावर. बाहेरच्या साइट्सना पाठीमागे सहसा शेजारी नसतो, म्हणून त्याच घ्याव्याशा वाटतात. दिशा जुळली तर जरूर घ्या. स्वच्छतागृहाला लागून असलेली साइट मात्र टाळा. येणारा-जाणारा प्रत्येक जण तुमच्याच अंगणातून वाट काढतो.

कॅम्पग्राउंडपर्यंतचा रस्ताही तपासा. ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी भागात, ॲव्हलांच आणि रायझिंग सनच्या दरम्यान, २१ फुटांहून लांब गाडी जाऊ देत नाहीत, आणि त्यात ट्रेलर धरूनच मोजतात.

प्रश्न: ऐसपैस साइट मिळाली, पण उतारावर. घ्यावी का?

उत्तर: आडवा उतार ३ टक्के असेल तर ८ फूट रुंदीत जवळपास ३ इंचांचा फरक पडतो. खालच्या बाजूच्या प्रत्येक चाकाखाली इंच-इंच जाडीचे तीन ठोकळे, काम झालं. लांबीतला उतार त्रासदायक. ॲक्सलपासून (चाकांच्या आसापासून) जॅक, म्हणजे पुढचं नाक वर-खाली करणारा खांब, १५ फुटांवर असेल तर ४ टक्क्यांना नाक ७ इंच वर किंवा खाली करावं लागतं. साइट मागच्या बाजूला उतरती असेल तर नाक खाली आणायचं असतं आणि जॅक तळाला टेकतो. मग दोन्ही बाजूंची चाकं ठोकळ्यांवर चढवावी लागतात. क्रम चुकवू नका: आधी जोडलेल्या गाडीवरच डावं-उजवं समतल करा, मग चाकांना दोन्हीकडून चॉक (चाक अडवणाऱ्या पाचरी) लावा, त्यानंतरच हिच सोडा आणि शेवटी जॅकने पुढचं-मागचं जुळवा. चॉक न लावता हिच सोडला की ट्रेलर उताराच्या दिशेने चालू लागतो. गॅसवरचा फ्रिज असेल तर ट्रेलर समतल ठेवणं आणखीच गरजेचं.

प्रश्न: चांगल्या साइट्स कायम भरलेल्या दिसतात.

उत्तर: रिक्रिएशन डॉट गव्हवर (सरकारी बुकिंग संकेतस्थळावर) बऱ्याच साइट्स सहा महिने आधी, ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या) वेळेप्रमाणे सकाळी १० ला खुल्या होतात. पसंतीच्या चार साइट्सचे नंबर आदल्या रात्रीच लिहून ठेवा. त्या वेळी नकाशा बघत बसलात तर साइट गेलीच. रविवार ते गुरुवार मुक्काम ठेवलात तर मिळणं सोपं जातं. हुकलीच तर त्या कॅम्पग्राउंडच्या उपलब्धतेची सूचना लावून ठेवा. लोक बेत रद्द करतात, आणि पहिल्या रात्रीचं भाडं बुडू नये म्हणून तारखेच्या काही दिवस आधीच करतात.